एका लुगड्याची जागा

आमच्या सोसायटीची सहल दर वर्षी जव्हारला जाते. दर वर्षी म्हणजे दर वर्षी. डिसेंबरच्या मीटिंगमध्ये कुणी केळव्याचा किनारा म्हणतं, कुणी डहाणू म्हणतं, कुणी नाशिकच्या द्राक्षांचं नाव काढतं. आमचे सेक्रेटरी सगळ्यांचं हसतमुखाने ऐकून घेतात, 'छान सूचना आहे' म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो की बस जव्हारसाठी ठरली आहे, स्वेटर सोबत घ्यावेत.

सेक्रेटरी मूळचे साताऱ्याकडचे, तेही पार वरच्या डोंगरातल्या गावचे. तारापूरच्या एका कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, बेटेगावच्या बाजूला आमच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेतला, पण समुद्राशी त्यांचं कधी जुळलं नाही. समुद्र सपाट असतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप. त्याला इतिहास नसतो, हा दुसरा. मग केव्हातरी त्यांना शोध लागला की याच जिल्ह्यात, घाट चढून गेलं की एक अख्खं जुनं संस्थान आहे: थंड हवा, दऱ्या, धबधबे, टेकडीवर राजवाडा. तेव्हापासून ते जव्हारविषयी अशा थाटात बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, गादी यांच्याच घराण्याची होती आणि हे सोसायटीची पाण्याची टाकी साफ करून घेण्यापुरते खाली उतरले आहेत.

मीही घाटावरचीच. वडिलांना बोईसरला नोकरी लागली तेव्हा मी शाळेच्या पहिल्या वर्गांत होते. पुढे लग्न मात्र दातिवऱ्याच्या मच्छीमार घरात केलं, आणि तेही आपल्या मनाने. त्यामुळे सेक्रेटरींच्या लेखी मी तहात गेलेला किल्ला आहे. भेटल्यावर ते 'तुम्ही तर आपल्याकडच्या' असं म्हणतात खरे, पण आवाजात सुतक असतं.

तर या सगळ्यात आमच्या सासूबाई येऊन पडल्या. त्यातलं 'पडल्या' अक्षरशः खरं आहे. गेल्या पावसाळ्यात दातिवऱ्याच्या घराच्या अंगणात त्या शेवाळावरून घसरल्या आणि शेजारीण येईपर्यंत तिथेच भिंतीला टेकून पावसात बसून राहिल्या. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, होडी विकली गेली, घरात दुसरं कुणी नाही. माझा नवरा त्याच दिवशी जाऊन त्यांना बोईसरला घेऊन आला. येताना त्यांनी आपलं सगळं सामान एका हिरव्या नऊवारी लुगड्यात बांधून आणलं. ते बोचकं दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी त्यांनी जे ठेवलं ते तिथेच बसलं. काही लागलं की गाठ सोडायच्या, हवं ते काढायच्या, पुन्हा गाठ मारायच्या. मी कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, तर म्हणाल्या,

"ऱ्हाऊ दे गो. पावनीला कपाट कशाला?"

गुडघा बरा झाला तरी बोचकं तिथेच. येणारा-जाणारा त्याला अडखळायचा. एकदा नवऱ्याने ते गुपचूप आतल्या खोलीत नेऊन ठेवलं, तर चहा व्हायच्या आत ते परत दाराशी.

मला त्या हव्या होत्या. हे मी लाजून वगैरे सांगत नाही. एक तर त्या अंगणाची मला भीती बसली होती. फोन उचलायला जरा उशीर झाला की माझ्या डोळ्यांसमोर ते शेवाळ यायचं. दुसरं कारण स्वार्थाचं आहे. माझा नवरा भांडणाच्या कामाचा माणूस नाही. काहीही म्हटलं तरी 'बरं' म्हणतो आणि फोनमध्ये तोंड घालतो. सासूबाई मात्र वरणाच्या फोडणीवरून सुरुवात करून माझ्या आजोळापर्यंत पोचायच्या, मीही मागे हटायची नाही, आणि मग दोघी मिळून चहा प्यायचो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घराला घरपण आलं होतं.

पण त्यांना रिकामं बसवेना. टीव्ही त्यांना आवडत नाही, कारण त्यातल्या बायका दिवसभर नटून बसतात आणि कामाला हात लावत नाहीत. मग हिवाळा लागला, बाजारात ओले बोंबील ढिगाने दिसू लागले, आणि एका सकाळी त्या टोपलीभर बोंबील घेऊन गच्चीवर गेल्या. गच्चीवर सगळेच वाळवण घालतात. कुरडया, पापड, मिरच्या, एकाची तर अख्खी गादी असते. सासूबाईंनी कपड्यांच्या दोरीवर बोंबील टांगले. आमच्याकडे दोन बोंबील घेऊन एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात, एक या बाजूला लोंबतो, एक त्या बाजूला. 'आमच्याकडे' म्हणजे दातिवऱ्याकडे. घाटावर जन्मलेली मी आता तसं म्हणते.

संध्याकाळपर्यंत वास तिसऱ्या मजल्यावर उतरला. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये होता. त्याच आठवड्यात तळमजल्यावर नोटीस लागली की गच्चीवर 'ओले व उग्र वासाचे पदार्थ' वाळत घालू नयेत. खाली सेक्रेटरींची लफ्फेदार सही.

मी भांडायला गेले. आता हे सांगायला हवं की वारा फिरला की आमच्या इथे एमआयडीसीचा असा काही वास येतो की फोडणीत काय घातलंय ते कळत नाही. त्या वेळी सगळी बिल्डिंग निमूट खिडक्या लावून घेते, कारण पगारही तिथूनच येतो. त्या वासाला नोटीस नाही, आणि बोंबलाला नोटीस? सेक्रेटरी शांतपणे म्हणाले की तो वास सोसायटीच्या हद्दीबाहेरचा आहे, आणि फारच वाटत असेल तर कोळगावला कलेक्टर ऑफिसात जाऊन मी दाद मागावी. हसत म्हणाले, हे विशेष. मी तणतणत वर आले.

सासूबाईंना नोटीस वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, भांडल्या मात्र नाहीत, तेव्हाच मला धस्स झालं. रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की सहल झाली की सोमवारी त्या दातिवऱ्याला जाणार. हातांना काम नाही तिथे फुकटचं बसून खायचं, हे त्यांच्याच्याने होणार नव्हतं. नवरा म्हणाला, "बरं." मी पुढचा अख्खा दिवस त्याच्याशी बोलले नाही, आणि त्याच्या ते लक्षात आलं की नाही हे मला अजून माहीत नाही.

सहलीला तरी चला, असं म्हणून मी त्यांना शनिवारी बसमध्ये बसवलं. मनात असं होतं की डोंगर, थंडी, माणसं, हसणं-खिदळणं, यात त्यांचं मन जरा वळेल. आणि नाही वळलं तर निदान घाटात बसच बंद पडेल.

बस चिल्हार फाट्याला लागायच्या आत सेक्रेटरींनी माईक हातात घेतला. बरोबर एक छोटा स्पीकर असतो, तो त्यांनी स्वतःच्या खर्चाने घेतला आहे, हे ते दर वर्षी त्याच माईकवरून सांगतात. मनोर येईपर्यंत संस्थानाची भौगोलिक स्थिती झाली. विक्रमगड येईपर्यंत हवामान, वनस्पती आणि नागलीचं पीक झालं. सुरतेच्या वाटेवर महाराज इथे थांबले होते, हे त्यांनी उजवा हात छातीवर ठेवून सांगितलं. मग घाट सुरू झाला. सागाची मोठमोठी पानं, उघडे पडलेले काळे कातळ, उतारावर भात कापून झालेली रिकामी खाचरं, आणि वळणामागून वळणं. इथे एक गुपित सांगते, जे सगळ्या बसला माहीत आहे: सेक्रेटरींना घाट लागतो. डोंगरात जन्मलेला हा माणूस तिसऱ्या वळणाला पांढरा पडतो. त्या दिवशीही वाक्य अर्धवट सोडून त्यांनी माईक बायकोच्या हातात दिला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

सासूबाई पुढच्याच बाकावर ताठ बसल्या होत्या. त्यांनी कमरेची पिशवी सोडून खारवलेल्या आवळ्याचा तुकडा काढला आणि मागे न बघता हात लांब केला. सेक्रेटरींनी तो मुकाट्याने चोखला. जव्हार येईपर्यंत माणूस टवटवीत झाला होता, आणि मला जरा वाईटच वाटलं.

राजवाडा ज्या बाजूने बघू देतात त्या बाजूने आम्ही पाहिला. तांबूस दगडाची ती इमारत, भोवती काजूची झाडं, वर घुमट, आणि गार वारा. कुणी फोटो काढत होतं, कुणी शेंगा खात होतं. सेक्रेटरींनी सगळ्यांना काजूच्या सावलीत गोळा केलं, स्पीकर कठड्यावर ठेवला आणि आपली सर्वांत आवडती गोष्ट काढली. ही ते दर वर्षी सांगतात, आणि खरं सांगायचं तर छान सांगतात.

गोष्ट अशी, की या संस्थानाचा जो पहिला राजा, तो राजा व्हायच्या आधी एक साधा गडी होता. त्याने इथल्या जुन्या मालकाकडे जागा मागितली. फार नाही, एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच. मालक हसला, म्हणाला, घे. शब्द दिला गेला. तेव्हा या गड्याने बैलाचं कातडं घेतलं आणि त्याच्या बारीक, अगदी दोऱ्यासारख्या वाद्या चिरल्या. वादीला वादी जोडत गेला, जोडत गेला, आणि ती वादी त्याने डोंगरांच्या, दऱ्यांच्या भोवतीनं फिरवून आणली. आत आलं ते सगळं राज्य त्याचं. सेक्रेटरींचा आवाज इथे चढतो. याला म्हणतात बुद्धी, ते म्हणाले, तलवार न उचलता राज्य. डोळे भरून आले होते त्यांचे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण जेवायची वेळ झाली होती. तेवढ्यात सासूबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"पन मंग तो देनारा रागावला नाय? मी म्हनलो येवढुसं, आनी ह्यानं येवढं घेतलं म्हनून?"

सेक्रेटरींना असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. ते दोन पावलं पुढे आले आणि त्यांनी समजावून सांगितलं, की रागावला असेलही, पण करतो काय? जुन्या काळचा शब्द होता तो. चार माणसांसमोर दिलेला शब्द माणूस मागे घेत नसे. "दिला शब्द तो दिला, आजी," ते माईकवरच म्हणाले. सासूबाईंनी मान डोलावली आणि पदर खोचून जेवणाच्या दिशेने चालायला लागल्या.

जेवण रस्त्याकडेच्या एका झोपडीवजा हॉटेलात होतं. तिथल्या बाईच्या हातच्या काळ्याभोर नागलीच्या भाकऱ्या, उडदाचं वरण आणि ठेचा. बरोबरची काही मंडळी भाकरीच्या रंगाकडे संशयाने बघत असताना सासूबाईंनी पिशवीतून डबा काढला. सुक्या बोंबलाची चटणी होती, लसूण-मिरची लावून खरपूस भाजलेली. झाकण उघडल्यावर जो वास सुटला तो लिफ्टमधल्याच वासाचा सख्खा भाऊ होता. फक्त इथे डोंगरावर, भुकेच्या वेळी, त्याला कुणी उग्र म्हणेना. आधी मागच्या बाकावरच्या दोघी आल्या. मग त्यांचे नवरे आले. आमचा बिहारी ड्रायव्हर तर थेट ताट घेऊनच आला आणि 'अम्माजी, और है क्या' म्हणत डब्याजवळ ठाण मांडून बसला. सेक्रेटरींनी बायकोकडे एकदा पाहिलं, बायको दुसरीकडे बघत होती, आणि मग त्यांनी नागलीच्या भाकरीवर जी चटणी घेतली ती मी पाहिली आहे. एकदा नाही घेतली, मी मोजायचं सोडून दिलं इतक्यांदा घेतली. त्यांनी तर असंही म्हटलं की नागली आणि बोंबील हा डोंगर-सागराचा ऐतिहासिक संगम आहे. सासूबाई सगळ्यांना वाढत राहिल्या. ते बोंबील नोटीस लागायच्या आधी आमच्याच गच्चीवर वाळलेले होते, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. मला मात्र ठसका लागला.

संध्याकाळी सूर्यास्त बघायच्या जागी गेलो. पश्चिमेला दरी खोल उतरत जाते, पलीकडे डोंगरामागे डोंगर, प्रत्येक मागचा पुढच्यापेक्षा फिकट. सेक्रेटरींनी सांगितलं की हवा स्वच्छ असेल तर इथून समुद्रसुद्धा दिसतो. आजवर कुणाला दिसलेला नाही, हवा कधीच तेवढी स्वच्छ नसते. सगळे कठड्याला चिकटून सूर्याचे फोटो काढत होते. सासूबाईंना त्याचं नवल वाटलं. सूर्य रोज त्यांच्या दारातल्या पाण्यात बुडतो, तर तो बघायला माणसं एवढ्या वर कशाला येतात, हे त्यांना कळेना. मग त्या बराच वेळ डाव्या बाजूच्या एका डोंगराकडे बघत उभ्या राहिल्या. मी विचारलं, काय दिसतंय.

"त्यो तांदूळवाडीचा डोंगर असंल तर त्येच्या म्होरं आमचं दातिवरं," त्या म्हणाल्या. "तुजा सासरा दर्यातून येताना त्या डोंगरावर नजर ठेवून येवाचा. त्यो दिसला की घर आलं. आज त्येची पाठ बगली गो."

तो डोंगर तांदूळवाडीचा होता की दुसराच कुठला, देव जाणे. मला वाटलं, झालं, हिचं मन गावात अडकलं आहे, आता ही राहत नाही. एवढ्या वर आणून मी तिला तिच्या घराची खूणच दाखवली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सूर्य गेला. सेक्रेटरी समारोपाचं भाषण करायला उभे राहिले. पोट भरलेलं, समोर केशरी आभाळ, हातात माईक, अशा वेळी माणूस उदार होतो. कुणाला काही बोलायचं आहे का, असं त्यांनी विचारलं. कुणालाच नव्हतं, सगळ्यांना चहा प्यायचा होता. सासूबाई पुढे झाल्या.

"भाऊ, मी सोमवारी जाते. त्येच्या आदी एक मागू काय? गच्चीवर मला जरा जागा द्या. बोंबलाला. जास्ती नको, माज्या एका लुगड्यात मावंल येवढीच."

सगळे सेक्रेटरींकडे बघायला लागले. बघणाऱ्यांपैकी प्रत्येकाच्या पोटात ती चटणी होती. सेक्रेटरी हसले, नोटिशीचा नियम आहे वगैरे पुटपुटले, मग एका म्हाताऱ्या बाईला, तिच्या निरोपाच्या सहलीत, डोंगराच्या कड्यावर, एका लुगड्याएवढी जागा नाकारायची हे त्यांच्या घाटी मनाला पटलं नाही. त्यांनी माईक तोंडाशी नेला आणि सोसायटीच्या वतीने आजींना एका लुगड्याची जागा बहाल केली. पुन्हा टाळ्या. मग चहा.

परतीच्या वाटेवर मी मात्र धुमसत होते. मागायचंच होतं तर नोटीस काढून टाकायला सांगायचं, मी त्यांना म्हटलं. एक लुगडं पसरून त्यावर काय वाळणार, मूठभर जवळा? आणि सोमवारी तर तुम्ही चाललात, मग जागा हवी कुणाला? वरून 'बहाल केली' म्हणे. जसं काही आपण त्यांच्या दरबारात गेलो होतो. सासूबाईंनी माझं सगळं बोलणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आता जरा डोळा लागू दे. लागलाही. घाटाच्या सगळ्या वळणांना त्या माझ्या खांद्यावर घोरत होत्या.

रविवारी मला उशिरा जाग आली. घरात कुणी नाही. नवऱ्याची स्कूटर खाली नाही. मी चहा टाकला. थोड्या वेळाने ग्रुपवर मेसेजमागून मेसेज यायला लागले: 'गच्चीवर या.' 'लवकर या.' एकाने नुसतेच माशांचे इमोजी पाठवले. गॅस बंद करून मी धावत वर गेले.

गच्चीवर नवरा उभा होता, बाह्या दुमडून, हातात रिकामी टोपली. मला बघून तो चक्क हसला. पहाटेच आईला घेऊन बंदरावर गेला होता पठ्ठ्या; आईने सांगितलं, हा 'बरं' म्हणाला. आणि गच्चीभर, पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून डिशच्या दांडीपर्यंत, दांडीपासून कोपऱ्यातल्या लोखंडी गजापर्यंत, तिथून कठड्याकठड्याने पार दुसऱ्या टोकाच्या जिन्यापर्यंत आणि पुन्हा उलट, हिरव्या कापडाच्या पिळलेल्या पट्ट्या ताणून बांधलेल्या होत्या. त्यांवर जोड्या जोड्यांनी बोंबील लोंबत होते, जबड्यात जबडा अडकवून, शिस्तीत. सकाळच्या उन्हात ते चमकत होते. सासूबाई शेवटची गाठ आवळत होत्या.

सेक्रेटरी लुंगीवरच आले. मग भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, ही म्हण त्यांनी दोनदा म्हटली. फसवणूक म्हणाले, कमिटी बोलावतो म्हणाले, कोळगावलासुद्धा जाऊन आले, तोंडाने. जिन्यात, कठड्याशी, सगळीकडे लोक उभे होते. सासूबाईंनी हात पदराला पुसले.

"एक लुगडं हाय, भाऊ. मोजून बगा. दुसऱ्या कापडाची चिंधी लावली नाय. तुमच्या राजानं कातडं चिरलं, मी लुगडं चिरलं. चार मान्सांम्होरं शबुद कोनी दिला?"

मागून कुणीतरी "दिला शब्द तो दिला" म्हणालं, थेट सेक्रेटरींच्या आवाजात. हशा पिकला. सेक्रेटरींनी वळून पाहिलं, पण कोण ते कळलं नाही. (माझा नवरा होता. हा माणूस इतका गुणी आहे, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी समजलं.) मग सेक्रेटरी हात पाठीमागे बांधून त्या हिरव्या पट्टीच्या कडेकडेने चालायला लागले. पाइप, दांडी, गज, कठडा, कुठे तरी दुसऱ्या कापडाचा तुकडा सापडेल म्हणून एकेक गाठ बघत. पूर्ण फेरी मारली. सापडला नाही. फेरी संपता संपता त्यांची चाल बदलली होती. राज्याची हद्द बघायला निघालेल्या माणसाची असावी तशी. जिन्याजवळ येऊन थांबले तेव्हा मिशी थरथरत होती, आणि मला आधी वाटलं रागाने.

"अशीच असणार," ते हळूच म्हणाले, कुणाला म्हणून नव्हे. "अगदी अशीच बांधली असणार त्यांनी."

त्यानंतर त्यांनी अटी घातल्या, त्या घालाव्याच लागतात. उन्हाळ्यात कुरडयांच्या दिवसांत पट्ट्या काढायच्या. टोपली लिफ्टमधून आणायची नाही, जिन्याने आणायची. आणि राज्य म्हटलं की सारा आला, तेव्हा वाळल्यावर थोडे सेक्रेटरींकडे पोचवायचे, दुपारी, त्यांची बायको भजनाला जाते तेव्हा. सासूबाईंनी सगळं कबूल केलं. नोटीस अजून खाली लावलेली आहे. तिच्याखाली कुणीतरी पेनने 'लुगडं वगळून' असं लिहिलं आहे.

हे सगळं चाललं असताना माझं लक्ष त्या पट्ट्यांकडे गेलं. हिरवा रंग, पिवळे काठ, काठात बारीक लाल रेघ. मी हे कापड ओळखत होते. महिनोन्‌महिने मी त्याला अडखळले होते.

मी खाली धावले. चपलांच्या स्टँडशेजारची जागा रिकामी होती. फरशीवर धुळीचा एक गोल तेवढा उरला होता. आत जाऊन कपाट उघडलं. मी रिकामा करून दिलेला खालचा कप्पा तसाच रिकामा. वरच्या, माझ्या कप्प्यात सासूबाईंची लुगडी, झंपर, औषधाचा डबा, सासऱ्यांचा फोटो, सगळं नीट लावलेलं. आणि माझ्या साड्या पलंगावर ढीग करून टाकलेल्या.

मी तिथेच पलंगावर बसले आणि रडले. सरळ, हुंदके देऊन रडले. बरंच रडून झाल्यावर आठवलं की त्या ढिगात माझी लग्नातली साडी आहे आणि मी तिच्यावरच बसले आहे. तेव्हा मला राग आला आणि बरं वाटलं.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हाताला बोंबलाचा वास, कपाळावर घाम. मी विचारलं, आई, माझा कप्पा कुणाला विचारून घेतला? खालचा दिला होता ना मी?

"खालचा मला व्हयाचा नाय," त्या म्हणाल्या. "माजा गुडगा वाकत नाय. आता रोज रोज कोन वाकंल?"

मग आम्ही फोडणीवरून सुरुवात केली.